फुटबॉलमध्ये पडणाऱ्याला भाव का मिळतो?

फुटबॉलचा विश्वचषक आला की एरवी क्रिकेटपलीकडे काही न बघणारी घरंही रात्री जागी राहतात. कोल्हापूर मुळातच फुटबॉलवेडं. पण सांगली, मिरज, तासगाव, पलूसकडचा माणूस वाढतो तो कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट बघत. त्याला एक गोष्ट पचत नाही. कोट्यवधींचा मालक असलेला खेळाडू नखाएवढ्या धक्क्याने कोलमडतो, चार कोलांट्या घेतो, तोंड धरून विव्हळतो आणि पेनल्टी मिळाली की टुणकन उठून पळायला लागतो. "आरं, ह्याला काय वारं लागलं काय?" ही आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया. पाठोपाठ रेफ्रीचा उद्धार होतो, आणि मग कुणीतरी नेमकं विचारतं: एवढे कॅमेरे लावलेत, तरी ह्यांना दिसत कसं नाही?

याचं उत्तर खेळाडूंच्या चारित्र्यात शोधलं तर फारसं काही हाती लागत नाही. खोटं पडणं हा हिशेब आहे. कुठल्या खेळात पडून काय मिळतं आणि फसलं तर काय जातं, एवढं मांडलं की कोण पडेल आणि कोण पडणार नाही ते बरंचसं आपोआप कळतं.

आधी नियम बघू

फुटबॉलच्या नियमपुस्तकात बाराव्या नियमात फाऊल येतात. बेपर्वाईने किंवा अति जोर लावून समोरच्याला ढकललं, लाथ मारली, पाय घालून पाडलं तर फ्री किक. हेच बचाव करणाऱ्या संघाने स्वतःच्या गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात, म्हणजे पेनल्टी एरियात केलं तर पेनल्टी. गोलपासून ११ मीटरवर चेंडू ठेवायचा, समोर फक्त गोलकीपर.

याच नियमात खोट्या पडण्याचाही उल्लेख आहे. लागलं नसताना लागल्याचं किंवा फाऊल झाल्याचं सोंग करून रेफ्रीला फसवायचा प्रयत्न केला, तर पिवळं कार्ड. एका सामन्यात दोन पिवळी झाली की लाल, आणि खेळाडू मैदानाबाहेर. म्हणजे नियम आहे, शिक्षाही आहे. मग अडलंय कुठे?

कुस्तीत पडणारा हरतो

कुंडलच्या मैदानात निकाली कुस्ती लागलीय असं समजा. हलगी कडाडतेय, दोन्ही मल्ल झटतायत. तिथे कुणी मुद्दाम पडेल का? पाठ टेकली की खेळ खलास, फेटा आणि इनाम दुसऱ्याचं. पडण्याचा भाव तिथे उणे आहे, म्हणून पडण्याचं सोंगही नाही. तालमीतल्या माणसाला फुटबॉलमधली लोळण बघून किळस येते त्याचं कारण हेच. त्याच्या खेळात जमिनीला लागणं हाच पराभव असतो.

कबड्डीतही तेच. चढाई करणारा पडला तर वर चार जण बसतात, पंच काही हळहळत नाही. तिथे सोंग असतं, पण वेगळ्या जातीचं. बोनस नसताना बोट वर करायचं, टच झाला नसताना हात उंचावत मध्यरेषेकडे धावायचं. ज्या गोष्टीला गुण मिळतो, सोंग तिथेच उगवतं.

फुटबॉलमध्ये गुण मिळतो पाडलं गेल्याला. आणि केवढा मिळतो, ते बघू.

एका पेनल्टीची किंमत

२०२२ च्या कतार विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. म्हणजे दोन्ही संघ मिळून एका सामन्यात सरासरी पावणेतीनपेक्षा थोडे कमीच. पेनल्टी साधारण चारपैकी तीन वेळा गोलात जाते. म्हणजे एक पेनल्टी हाती लागली की सबंध सामन्यात होणाऱ्या गोलांपैकी चौथा हिस्सा, खरंतर त्याहून थोडा जास्तच, एका शिट्टीत खिशात.

आता बास्केटबॉल घ्या. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सव्वादोनशेच्या आसपास गुण होतात. फाऊलवर दोन फ्री थ्रो मिळाले तर त्यातून येणार जेमतेम दीड गुण. दोनशेवर पंचवीसमधला दीड! तरीही तिथे खोटं पडणारे आहेतच; पण एका खोट्या पडण्याने सामना फिरला असं क्वचित होतं. फुटबॉलमध्ये ते एका क्षणात होऊ शकतं.

खेळाडूच्या जागी उभं राहून गणित करा. तुम्ही पेनल्टी एरियात कडेला अडकलात, दोन बचावपटू अंगावर आहेत. फटका मारला तर? फुटबॉलमध्ये ढोबळमानाने दहा फटक्यांमागे एक गोल होतो. आता धरून चाला की तुम्ही अशा जागी दहा वेळा पडलात. तीनदा रेफ्री फसला, पाचदा त्याने "ऊठ, खेळ" असा हात केला, दोनदा पिवळं कार्ड काढलं. हे आकडे फक्त समजण्यासाठी. तीन पेनल्टींतून सव्वादोन गोल. न पडता दहा फटके मारले असते तर एक. प्रामाणिक राहण्याची किंमत सव्वा गोल, आणि तीही घरच्यांसमोर नव्हे, ज्या क्लबने भरमसाट पैसे मोजलेत त्याच्या प्रशिक्षकासमोर.

मधल्या पाच वेळांकडे नीट बघा. सगळी मेख तिथे आहे. रेफ्रीला खात्री नसेल तर तो फाऊलही देत नाही आणि कार्डही काढत नाही. खोटं पडल्याची शिक्षा द्यायला "हा नक्की नाटक करतोय" एवढी खात्री लागते. शंका असली की पडणारा सुटतो. पकडला न गेलेला तर सुटतोच, पण अर्धवट पकडला गेलेलाही सुटतो.

एक रेफ्री, सात हजार चौरस मीटर

मोठ्या सामन्यांचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. म्हणजे ७,१४० चौरस मीटर, २२ खेळाडू, आणि फाऊल ठरवणारा मुख्यतः एक माणूस. दोन सहायक बाजूच्या रेषांवर असतात. त्यांचा बराचसा जीव ऑफसाइडमध्ये, म्हणजे पास येण्याआधीच कुणी बचावफळीच्या पलीकडे जाऊन उभा आहे का हे बघण्यात, अडकलेला. रेफ्री सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो आणि दम लागलेल्या अवस्थेत, मध्ये तीन-चार खेळाडू आड आलेले असताना, कुणाचा पाय आधी चेंडूला लागला ते ठरवतो.

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. तिथे एक सरपंच आणि दोन पंच, शिवाय रेषेवर लक्ष ठेवणारे वेगळे. एनबीएत तीन रेफ्री, आणि मैदान फुटबॉलच्या सोळाव्या हिश्श्याएवढं. अमेरिकन फुटबॉलमध्ये सात अधिकारी, आणि खेळ दर काही सेकंदांनी थांबतो. क्रिकेटमध्ये पंचाला कुठून बघायचं ते आधीच माहीत असतं. चेंडू ठरलेल्या जागी पडतो, पंच ठरलेल्या जागी उभा असतो. फुटबॉलच्या रेफ्रीला ही सोय नाही. त्याला शिव्या घालण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यायला हवं, असं माझं मत.

आणि तो एकटाच असतो म्हणून त्याच्यावर गर्दीचा, खेळाडूंच्या कोंडाळ्याचा दाब येतो. ते कोंडाळं कमी करायला २०२४ च्या युरो स्पर्धेत एक साधी गोष्ट केली गेली. निर्णयाबद्दल बोलायला फक्त कर्णधार रेफ्रीकडे जाणार, बाकी कुणी आला तर पिवळं कार्ड. रग्बीत ही रीत फार जुनी आहे.

"पण स्पर्श तर झाला होता ना?"

समालोचक हमखास हे वाक्य टाकतात. दोन्ही बाजूंनी गैरसमज करून देणारं वाक्य आहे. स्पर्श झाला म्हणजे फाऊल झाला असं नियम म्हणत नाही. खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी झगडणं फुटबॉलमध्ये चालतं. उलट, स्पर्श न होताही फाऊल होऊ शकतो. पाय घालून पाडण्याचा नुसता प्रयत्नही नियमात फाऊलच आहे. पूर्ण वेगात पळणाऱ्याच्या घोट्यावर कुणी घसरत आला आणि त्याने उडी मारून पाय वाचवला, मग तोल जाऊन पडला, तर ते सोंग नव्हे. पाय मोडून घ्यायची वाट कुणी बघावी?

याच्या उलट बाजूचा खेळाडू सगळ्यात दुर्दैवी. त्याला खरंच पाय लागला, तो लडखडला, पण पडला नाही. कसाबसा फटका मारला आणि तो बाहेर गेला. अशा वेळी पेनल्टी मिळणं दुर्मिळ. रेफ्रीला वाटतं, हा तर उभाच होता. म्हणून तरुण खेळाडू लवकरच शिकतो की खरा फाऊल झाला तरी पडल्याशिवाय तो दिसत नाही. सरसकट सगळ्या पडण्याला नाटक म्हणताना मला थोडं अडखळायला होतं ते यामुळे. पुष्कळदा ते खऱ्या तक्रारीला मोठा आवाज लावणं असतं.

शुद्ध नाटक ओळखायची एक खूण आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या पॉल मॉरिस या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये ती मांडली. खरा तोल गेला की माणसाचे हात आपोआप खाली किंवा बाजूला जातात, पडणं झेलायला. सोंग करणाऱ्याचे दोन्ही हात वर जातात, छाती पुढे येते, पाय मागे दुमडतात. अंगाची धनुष्यासारखी कमान होते. खरोखर पडताना शरीर असली कमान करत नाही. पुढच्या सामन्यात बघा, एक तरी दिसेल.

कॅमेरे आले, मग भांडण का मिटलं नाही?

व्हिडिओ सहायक रेफ्री, म्हणजे व्हीएआर, २०१८ च्या विश्वचषकापासून मोठ्या मंचावर आला. तो मुख्यतः चार बाबतींत तोंड घालतो: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं गेलं तर. तेही मैदानावरच्या रेफ्रीची चूक "स्पष्ट आणि ढळढळीत" असेल तरच. मधल्या फळीत कुणी लोळण घेऊन फ्री किक मिळवली तर व्हीएआर त्यात पडत नाही.

आपल्याला डीआरएसची सवय झालेली असते, त्यामुळे वाटतं की इथेही यंत्र बघेल आणि सांगेल. पण यंत्राला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा ढीग येतो तेव्हा त्याचं वजन काटा सांगतो. त्यावर दोन मतं नसतात. पण हळदीची प्रत? व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, आणि एकाच ढिगाला दोन व्यापारी दोन भाव बोलतात. कुणीच खोटं बोलत नसतं. चेंडू गोलरेषेपलीकडे गेला का, खेळाडू ऑफसाइड होता का, हे वजनाचे प्रश्न. "धक्का बेपर्वाईचा होता का" हा प्रतीचा प्रश्न. तो कॅमेरा वीस बाजूंनी दाखवेल, पण भाव माणसालाच बोलावा लागतो.

वजनाच्या प्रश्नांत फुटबॉलने खरोखर प्रगती केली. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि पंचांना दिसला नाही. २०१४ पासून विश्वचषकात गोलरेषेचं तंत्रज्ञान आलं आणि तो वाद संपला. २०२२ मध्ये ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे लागले, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपले जाऊ लागले, चेंडूत सेन्सर बसला. सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्याच अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले.

अर्थात यंत्र अचूक असलं तरी ते वापरणारी माणसं गोंधळतातच. ३० सप्टेंबर २०२३ ला इंग्लंडच्या लीगमध्ये टॉटनहॅम क्लबविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासने केलेला चांगला गोल गेला. मैदानावर ऑफसाइड दिला होता. व्हीएआरच्या खोलीत बसलेल्यांना वाटलं की गोल दिलाय. त्यांनी चित्र तपासलं, गोल योग्यच दिसला, म्हणून "तपासणी पूर्ण" एवढंच कळवलं. मैदानावर त्याचा अर्थ झाला ऑफसाइड कायम. नंतर संभाषण प्रसिद्ध झालं तेव्हा चूक रेघ आखण्यात नव्हती, बोलण्यात होती, हे सगळ्यांनी ऐकलं.

क्रिकेटला या सगळ्याचा सराव जास्त आहे. तिसरा पंच नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला आला, आणि त्याच्याकडून धावबाद ठरलेला पहिला फलंदाज आपलाच सचिन. पायचीतच्या रिव्ह्यूत "अंपायर्स कॉल" असतो तोही एका अर्थी व्हीएआरच्या "ढळढळीत चूक" या अटीचा भाऊच. काठावरचं असेल तर मैदानावरच्या पंचाचं खरं.

"आमच्या क्रिकेटमध्ये असलं चालत नाही"

चालतं. फक्त नाव वेगळं आहे.

क्रिकेटच्या नियमात एक गंमत आहे. अपील केल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊच शकत नाही. म्हणजे मागणं हा खेळाचाच भाग. गोलंदाज गुडघ्यावर बसून घसा फाटेस्तोवर ओरडतो, यष्टिरक्षक बॅटला न लागलेल्या चेंडूवर नाचतो, आणि आपण त्याला जिद्द म्हणतो. अती केलं तर दंड होतो, पण बेंबीच्या देठापासून केलेल्या खोट्या अपिलावर कुणाची अब्रू जात नाही. फुटबॉलमध्ये असं विचारायची सोयच नाही. खेळ पळत असतो, रेफ्री पळत असतो. तिथे पडणं हेच अपील. शब्दांनी करायचं ते अंगाने केलं जातं, आणि अंगाने केलेलं खोटं डोळ्यांना जास्त बोचतं.

आणि दुखण्याचं सोंग? २०२४ च्या टी-२० विश्वचषकात अफगाणिस्तान-बांगलादेश सामन्यात पावसाचा हिशेब अफगाणिस्तानच्या बाजूने होता. कोचने "जरा हळू घ्या" असा हात केला, आणि स्लिपमधला गुलबदिन नैब मांडी धरून कोसळला. तो सामना अफगाणिस्तानने जिंकला आणि उपांत्य फेरी गाठली. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २४ चेंडूंत २६ धावा हव्या असताना ऋषभ पंत गुडघ्याला पट्टी बांधून घ्यायला थांबला, खेळाची लय तुटली, पुढच्याच चेंडूवर क्लासेन गेला. त्या थांबण्यामागचं डोकं पंतचं होतं, हे पुढे रोहित शर्मानेच हसत हसत सांगितलं. आपण टाळ्या वाजवल्या. ब्राझीलच्या खेळाडूने हेच केलं असतं तर?

कुस्तीही धुतल्या तांदळाची नाही. मॅटवर दम घ्यायला गुडघा धरून बसणारे मल्ल सगळ्यांनी बघितलेत. आणि पंचावर राग काढण्यात तर आपण फुटबॉलच्या पुढे गेलो. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला आणि एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली. त्याला तीन वर्षांची बंदी झाली. पाठ टेकणं तर वजनाचा प्रश्न, तरी ही गत.

मग रग्बीवाले एवढे साधू कसे?

फुटबॉलला नावं ठेवताना लोक रग्बीचं उदाहरण देतात. रग्बीत रेफ्रीशी हुज्जत घातली की पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते, रेफ्रीच्या कॉलरवरचा माइक टीव्हीवर ऐकू येतो, धिप्पाड माणसं त्याला "सर" म्हणतात. पण २००९ मध्ये हार्लेक्विन्स या इंग्लिश संघाच्या टॉम विल्यम्सने लेन्स्टरविरुद्ध तोंडात नकली रक्ताची गोळी फोडली, कारण रक्त आलं तरच ठरावीक बदली खेळाडूला परत आणता येत होतं. कोच डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली. रग्बीत पडून काही मिळत नाही, रक्त दाखवून मिळत होतं; म्हणून तिथे रक्ताचं सोंग.

भाव उतरवायचा कसा

इतर खेळांनी काय केलं? आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये मला सगळ्यात आवडणारी पद्धत आहे. फाऊल झाला, पण ज्याच्यावर झाला त्याने तो फुगवून दाखवला, तर रेफ्री दोघांनाही दोन-दोन मिनिटं बाहेर बसवू शकतो. एकाची चूक खरी म्हणून दुसऱ्याचं नाटक माफ होत नाही. एनबीएने २०१२ पासून सामन्यानंतर चित्रफीत बघून दंड सुरू केला, पण लाखोंनी कमावणाऱ्याला पाच हजार डॉलर म्हणजे चहाचे पैसे. २०२३-२४ पासून मात्र खेळ चालू असतानाच, नाटक पकडलं की समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. दंड गुणांत आला तेव्हा कुठे तो संघाला लागतो.

फुटबॉलनेही हातपाय हलवलेत. २००२ मध्ये ब्राझीलच्या रिवाल्डोने चेंडू मांडीला लागलेला असताना तोंड धरून लोळण घेतली, तुर्कस्तानचा खेळाडू बाहेर गेला आणि रिवाल्डोला नंतर फक्त पैशांचा दंड झाला. २०१७ पासून इंग्लंडमध्ये रेफ्रीला फसवून पेनल्टी किंवा समोरच्याचं लाल कार्ड मिळवणाऱ्यावर सामन्यानंतर दोन सामन्यांची बंदी येऊ शकते. एव्हर्टनचा उमर नियास प्रीमियर लीगमधला त्याचा पहिला मानकरी. पण त्या फसवणुकीतून मिळालेला गोल फलकावर तसाच राहतो. हॉकीतल्या रेफरलसारखी सोयही आजमावली गेली. २०२४ च्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येत होती. कॅमेरे कमी असलेल्या स्पर्धांसाठी ते मला व्हीएआरपेक्षा बरं वाटतं, कारण खोटी दाद मागण्याची किंमत मागणाऱ्यालाच मोजावी लागते. मॅटवरच्या कुस्तीत चॅलेंज फसलं की समोरच्याला एक गुण जातो, तसंच काहीसं.

खरा इलाज मात्र पेनल्टीचा भाव उतरवण्यात आहे, असं मला वाटतं. पेनल्टी एरियाच्या कोपऱ्यात, गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूला हलका धक्का लागला तर पाऊण गोल बक्षीस कशासाठी? तिथे साधी फ्री किक द्यावी, आणि पेनल्टी राखून ठेवावी खरी संधी हिरावली तेव्हासाठी. यावर फुटबॉलवाल्यांचा आक्षेप येणार: मग बचावपटू त्या कोपऱ्यात मोकाट धक्के मारतील. थोडे मारतीलही. त्यासाठी कार्डं आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "खरी संधी" होती की नाही हाही पुन्हा प्रतीचाच प्रश्न, म्हणजे रेफ्रीवर आणखी एक ओझं. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, एवढंच म्हणेन की आजही रेफ्री लाल कार्ड देताना हाच प्रश्न स्वतःला विचारतो.

नियम बदलायचा अधिकार फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे एकटीकडे नाही. तो १८८६ मध्ये स्थापन झालेल्या आयएफएबी या मंडळाकडे आहे. तिथे फिफाची चार मतं, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक. कुठलाही बदल व्हायला आठपैकी सहा मतं लागतात.